मोबाईलची फुकट रिंगटोन: बनवायची कशी, मिळते कुठं, आणि पैसे कुठं कापले जातात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझं एसटी स्टँडजवळ मोबाईल रिपेरिंगचं छोटं दुकान आहे. एकेकाळी बाहेर पाटी होती, "येथे मोबाईल डाऊनलोडिंग करून मिळेल", आणि लोक मेमरी कार्ड काढून हातात द्यायचे, दहा-वीस रुपयांत कार्ड भरून न्यायचे. आता कार्ड भरायला कोणी येत नाही पण रिंगटोनचं विचारायला रोज कोणी ना कोणी येतंच. तेच तेच प्रश्न असतात म्हणून सगळं एका जागी लिहून काढलंय. यातल्या एकाही कामाला पैसे लागत नाहीत, हे आधीच सांगतो.

रिंगटोन आणि कॉलर ट्यून एकच ना?

नाही, आणि निम्मा घोळ इथंच होतो. रिंगटोन म्हणजे तुमचा फोन वाजतो तो आवाज, ती फाईल तुमच्या फोनमध्ये असते, सिमच्या कंपनीचा तिच्याशी काही संबंध नाही. कॉलर ट्यून म्हणजे तुम्हाला फोन करणाऱ्याला त्याच्या कानात जे ऐकू येतं ते, आणि ते कंपनीच्या मशीनवरून वाजतं. कोरोनात २०२० साली कोणालाही फोन लावला की आधी खोकला आणि मग सूचना ऐकू यायची, आठवतंय ना, ती कॉलर ट्यूनच्या जागी वाजायची. म्हणून रिंगटोन बदलायला नेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही, सिमसुद्धा लागत नाही. कॉलर ट्यून मात्र कंपनीकडूनच लावून घ्यावी लागते, काही कंपन्या फुकट देतात, काही महिन्याला पैसे घेतात. या पानावर जास्त करून रिंगटोनचंच आहे, कॉलर ट्यूनचं खाली एका प्रश्नात घेतलंय.

रिंगटोन किती सेकंदांची पाहिजे?

२५ ते ३० सेकंद, बास. ट्राय म्हणजे सिमच्या कंपन्यांना नियम घालून देणारी सरकारी संस्था, तिने नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवून दिलं की मोबाईलची रिंग उचलली नाही तर ३० सेकंद वाजणार आणि लँडलाइनची ६० सेकंद. त्याआधी कंपन्यांचं आपापसात यावरून चांगलंच वाजलं होतं, कोणी रिंग कमी सेकंदांची केली म्हणून. तर मुद्दा असा की पाच मिनिटांचं अख्खं गाणं रिंगटोनला लावलं तरी वाजणार पहिली ३० सेकंदंच, आणि बऱ्याच गाण्यांची पहिली २० सेकंदं नुसतं हळू म्युझिक असतं, त्यामुळं फोन वाजतोय हे कळेपर्यंत मिस कॉल पडलेला असतो. मधला तुकडा कापून लावायचा तो याच्यासाठी. साईजचं म्हणाल तर १२८ केबीपीएसच्या एमपी३ ला ३० सेकंदांना साधारण ४८० केबी जातात, अर्धा एमबी पण नाही, म्हणजे कितीही जुन्या फोनला जड नाही.

मेसेजच्या टोनला एक-दोन सेकंद पुरे. मोठी लावली तर ग्रुपवर सकाळचे गुड मॉर्निंग सुरू झाले की घरातली माणसं वैतागतात.

अँड्रॉइडवर गाणं कापून रिंगटोन कशी लावायची?

आधी तुमच्या फोनमध्ये काय आहे ते बघा. बऱ्याच फोनमध्ये कंपनीच्याच म्युझिक प्लेयरमध्ये किंवा रेकॉर्डरमध्ये ट्रिम म्हणजे कापायची सोय असते, मग वेगळं ॲप घ्यायची गरजच नाही. नसेल तर प्ले स्टोअरवर रिंगटोन कटर, एमपी३ कटर असं टाकलं की ढीगभर ॲपं येतात, सगळ्यांचं काम एकसारखंच आहे. गाणं उघडलं की लाटांसारखं चित्र दिसतं, दोन बाजूला दोन खुणा असतात, एक सुरवातीची एक शेवटची, त्या सरकवायच्या आणि ऐकून बघायचं. बोट जाड पडतं, म्हणून आधी चित्र झूम करून घ्या, नाहीतर शब्दाचा पहिला अर्धा तुकडा तुटतो आणि ऐकताना दर वेळी खटकत राहतं. सुरवात अगदी ठोक्यावर करा, शेवटी एक सेकंदाचा फेड आऊट द्या, म्हणजे आवाज हळूहळू कमी होत थांबतो.

मग सेव्ह करून सेटिंग, साऊंड, फोन रिंगटोन इथं जायचं, तिथं अधिकचं चिन्ह नाहीतर माय साऊंड्स किंवा लोकल फाईल असं काहीतरी असतं, त्यातून आपली फाईल निवडायची. कंपनीगणिक नाव बदलतं पण जागा साधारण तीच.

सॅमसंगवाल्यांनी एक बघायचं, फाईल निवडताना हायलाइट्स ओन्ली असा एक पर्याय दिसतो. तो चालू असेल तर फोन स्वतःच्या मनाने गाण्यातला तुकडा निवडून वाजवतो. तुम्ही एवढं मापात कापून आणलेलं असतं आणि वाजतं भलत्याच ठिकाणाहून. तो बंद करा.

कापली, सेव्ह केली, पण रिंगटोनच्या लिस्टमध्ये दिसतच नाही?

फाईल मॅनेजर उघडा, इंटर्नल स्टोरेजमध्ये रिंगटोन्स नावाचं फोल्डर असतं, नसलं तर स्वतः बनवा. इंग्रजीत स्पेलिंग बरोबर पाहिजे आणि शेवटी एस पाहिजे. आपली फाईल उचलून तिथं टाका. अलार्मसाठी अलार्म्स, मेसेजच्या आवाजासाठी नोटिफिकेशन्स अशी वेगळी फोल्डरं असतात. तरी नाही दिसली तर फोन एकदा बंद करून चालू करा, फोन परत सगळ्या फायली मोजतो आणि दिसायला लागते. मेमरी कार्डवर ठेवू नका, कार्ड सैल झालं किंवा काढलं की फोन गुपचूप कंपनीच्या टोनवर जातो.

आयफोनवर एवढं अवघड का असतं?

असतं नाही, होतं म्हणा. ॲपलने २०२५ मध्ये आयओएस २६ आणलं, त्यात हे काम सोपं केलंय. एमपी३ किंवा एम४ए फाईल ३० सेकंदांच्या आतली असेल तर फाइल्स ॲपमध्ये ती दाबून धरायची, शेअर करायचं आणि यूज ॲज रिंगटोन निवडायचं, झालं काम.

जुनं आयओएस असेल तर गॅरेजबँड हे ॲपलचंच फुकट ॲप टाका. त्यात ऑडिओ रेकॉर्डर उघडायचा, डाव्या बाजूच्या रेघारेघांच्या चिन्हावरून ट्रॅकच्या पानावर यायचं, वर उजवीकडं दोऱ्याच्या वेटोळ्यासारखं लूपचं चिन्ह असतं तिथून फाइल्समधली फाईल ओढून ट्रॅकवर टाकायची. आता इथं सगळे फसतात. गॅरेजबँड मुळात फक्त आठ बारचीच (बार म्हणजे तालाचं एक माप) जागा धरतो, त्यामुळं तुमची फाईल मोठी असली तरी पुढची कापली जाते, आणि लोक म्हणतात अर्धीच आली. उजव्या कोपऱ्यातल्या अधिकच्या चिन्हावर जाऊन सेक्शनची लांबी ऑटोमॅटिक करा, मग फाईल टाका. मेट्रोनोम म्हणजे ते टिकटिक पण बंद करा. मग माय साँग्सला परत येऊन त्या गाण्यावर दाबून धरायचं, शेअर, रिंगटोन, एक्सपोर्ट. पहिल्यांदा दहा मिनिटं जातात, दुसऱ्या वेळी दोन.

पैसे भरून ऐकायच्या ॲपमधून डाऊनलोड केलेलं गाणं यात येत नाही, त्याला कुलूप असतं. स्वतःकडची साधी फाईलच लागते.

साधा बटणांचा फोन आहे, त्याला होतं का?

मेमरी कार्डचा खाचा आणि एमपी३ प्लेयर असेल तर होतं. कापलेली फाईल दुसऱ्याच्या फोनवरून ब्लूटूथने किंवा कार्डात टाकून घ्यायची, मग म्युझिकमध्ये ऑप्शन दाबून यूज ॲज रिंगटोन. फाईलचं नाव छोटं आणि इंग्रजीत ठेवा, मराठी अक्षरांच्या जागी काही फोन चौकोन दाखवतात. एफएम रेडिओ आणि टॉर्च एवढंच असलेल्या अगदी साध्या फोनमध्ये मात्र आतल्या टोनांवरच भागवावं लागतं.

ज्यांनी नोकिया ३३१० वापरलाय त्यांना आठवत असेल, त्यात कंपोझर होता, एकेक बटण दाबून सूर टाकायचे. पोरं वहीत आकडे लिहून आणायची, एकाची वही पूर्ण वर्गात फिरायची. दुकानात मी तासतास बसून टाकायचो. आणि ती नोकियाची प्रसिद्ध ट्यून आहे ना, ती फ्रान्सिस्को तारेगा नावाच्या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ च्या ग्रान व्हाल्स या रचनेतला तुकडा आहे, १९९४ पासून नोकियाच्या फोनवर वाजायला लागली. मला हे फार नंतर कळलं आणि मूळ गिटारवर ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता.

मार्केट यार्डात, ट्रॅक्टरवर, कारखान्यात फोन ऐकूच येत नाही. मोठ्या आवाजाची रिंगटोन कुठली?

हा प्रश्न आवाज वाढवण्याचा नाहीये, आवाज कुठला निवडता त्याचा आहे. मोबाईलचा स्पीकर नखाएवढा असतो, त्यातून ढोलाचा, तबल्याच्या डग्ग्याचा, डीजेचा दणका बाहेर येतच नाही, ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ गायबच होतं (हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी मोजायचं माप, आकडा लहान तेवढा आवाज जाड). हेडफोनवर ऐकून तुम्ही ढोलाची रिंगटोन निवडता आणि खिशातून नुसतं फटफट ऐकू येतं. आपल्या कानाला सगळ्यात चांगलं ऐकू येतं ते साधारण २००० ते ५००० हर्ट्झमधलं, म्हणजे कडक, चिरका, धातूचा आवाज.

आता यात आपल्याकडं खजिना आहे. हलगी, ताशा, टाळ, चिपळ्या, घुंगरू, तुतारी, संबळ, बैलाच्या गळ्यातली घागरमाळ, देवळातली घंटा. हे सगळे आवाज माणसांच्या गर्दीतून दूरवर जायलाच बनलेत, मिरवणुकीत ढोल छातीला जाणवतो पण लांबून पहिली ऐकू येते ती हलगी आणि ताशा.

आमच्याकडं एक हमाल येतात, मार्केट यार्डात पोती उचलतात. त्यांचे रोज पाच-सहा मिस कॉल व्हायचे आणि मिस कॉल म्हणजे त्यांची गाडी दुसऱ्याला जायची. तीन वेळा फोन दाखवायला आणला, स्पीकर खराब झालाय म्हणाले. स्पीकर ठणठणीत होता, रिंगटोन होती बासरीची. मी त्यांना म्हटलं तुमच्या गावच्या जत्रेत हलगी वाजते ना, पुढच्या वेळी दहा पावलांवरून रेकॉर्ड करून आणा. आणली. मी २० सेकंदांचा तुकडा कापला, खालचा घुमणारा आवाज काढून टाकला आणि व्हायब्रेशन चालू करून दिलं. फोन काऊंटरवर वाजला तेव्हा समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. त्यानंतर त्यांच्या यार्डातले अजून सातजण हलगी लावून गेले, मग कोणाचा फोन वाजतोय तेच कळेना, म्हणून एकाला ताशा आणि एकाला चिपळ्या करून दिल्या.

आजी-आजोबांना फोन वाजलेला कळत नाही, मोठ्यात मोठा केला तरी?

इथं वरच्याच्या उलटं करायचं. वय झालं की आधी बारीक, चिरके आवाज ऐकू यायचे कमी होतात. म्हणून फोनमधल्या त्या टिणटिण, पक्ष्यांच्या किलबिलाटाच्या टोन त्यांना पोचतच नाहीत. मधल्या पट्टीतलं काहीतरी लावा, पेटीचे सूर, माणसाचं बोलणं, सावकाश म्हटलेला एखादा अभंग. आवाज हळूहळू वाढत जायची सेटिंग असेल तर बंद करा, पहिल्या सेकंदापासून पूर्ण वाजू दे.

आईला वाचता येत नाही, कोणाचा फोन आहे ते तिला कसं कळणार?

या एका प्रश्नासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसलो.

दुकानात एक मावशी यायच्या, शेजारच्या खेड्यातून, भाजी घेऊन बाजाराला आल्या की. फोन वाजला की त्या कोणालातरी विचारायच्या, बघ रं कुणाचा हाय. आणि कोणी नसलं तर उचलायच्याच नाहीत, कारण एकदा बक्षीस लागलंय म्हणून कोणीतरी तासभर डोकं खाल्लं होतं, भीती बसली होती. पोरगी सासरी, दोन पोरं पुण्याला, आणि पोरांचे फोन त्या भीतीपायी उचलायचे राहून जायचे.

मी त्यांच्या पोरांना नंबरवर मेसेज केला की तुमच्या आवाजात पाच सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवा. थोरल्याने पाठवलं, "आई, मी थोरला बोलतोय, उचल." धाकट्याने पाठवलं, "आये, मी हाय गं." लेकीने पाठवताना मागं तिचं बाळ रडत होतं, तिने परत पाठवते म्हटलं, मी म्हटलं राहू दे, हेच चांगलं आहे. प्रत्येकाचा आवाज पाच वेळा जोडून २५ सेकंदांची फाईल केली आणि ज्याच्या त्याच्या नंबरला लावली. बाकी सगळ्यांना फोनची साधी टोन ठेवली. आता साधी टोन वाजली की मावशी बघतसुद्धा नाहीत, आणि लेकीची वाजली की टोपली खाली ठेवून पदराला हात पुसून फोन उचलतात. पहिल्यांदा दुकानातच टेस्ट कॉल केला तेव्हा त्या फोनकडं बघून म्हणाल्या, आलीच म्हण की पोरगी.

करायचं कसं ते सांगतो. कॉन्टॅक्ट्समध्ये जाऊन त्या माणसाचं नाव उघडा, वरच्या तीन टिंबांवर किंवा एडिटमध्ये सेट रिंगटोन असतं, तिथं फाईल निवडा. आयफोनवर पण नाव उघडून एडिट केलं की रिंगटोनची ओळ दिसते. एकच अट, नंबर सिममध्ये सेव्ह असेल तर हा पर्याय येत नाही, सिममध्ये नाव आणि नंबर यापलीकडं काही मावत नाही. नंबर आधी फोनमध्ये किंवा गूगल अकाऊंटमध्ये घ्या. म्हाताऱ्या माणसांचे नंबर हमखास सिममध्येच असतात, लोक तिथंच अडकतात.

अजून एक सोय आहे, गूगलचं फोन ॲप असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये कॉलर आयडी अनाऊन्समेंट असतं, ते ऑलवेजवर ठेवलं की फोन नाव बोलून दाखवतो. चांगलं आहे, पण मशीनच्या तोंडून मराठी नाव कधी कधी वेडंवाकडं येतं. पोराचा आवाज तो पोराचा आवाज.

घरचा आवाज चांगला रेकॉर्ड कसा करायचा?

फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर पुरेसा आहे. पंखा बंद करा, कुकर उतरवून ठेवा, फोन फ्लाइट मोडवर टाका म्हणजे मध्येच कॉल येणार नाही. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरा, अगदी तोंडासमोर धरला तर प, फ, भ म्हणताना फुंकर बसून फटाके वाजल्यासारखं येतं. वाद्य असेल तर पाच-दहा पावलं मागं सरा, जवळून घेतलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कशानेच सरळ होत नाही. तीन वेळा घ्या, एक तरी चांगला येतोच.

आजीला ओव्या येत असतील तर आजच बसवा तिला. जातं नसलं तरी चालतं, हात फिरवल्यासारखा करत म्हणाली की लय बरोबर येते, नुसतं बसून म्हण म्हटलं की अडखळतात. ओव्या कशा असतात ते ऐकायचं असेल तर पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या साईटवर जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड मोठा संग्रह आहे, हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेला, एक लाखाच्या वर ओव्या आहेत. आजीला ते ऐकवा, दोन मिनिटांत तिला तिच्या आठवायला लागतात.

व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हॉइस नोटची रिंगटोन होते का?

होते. व्हॉइस नोटची फाईल ओपस प्रकारची असते आणि ती लपलेल्या फोल्डरमध्ये असते म्हणून गाण्यांच्या लिस्टमध्ये दिसत नाही. व्हॉइस नोटवर दाबून धरा, शेअर करा आणि गूगल ड्राइव्हमध्ये किंवा एखाद्या कन्व्हर्टर ॲपमध्ये घ्या, एमपी३ करा, पुढं कापणं नेहमीसारखंच. कॉम्प्युटर असेल तर व्हीएलसी प्लेयरमध्येच कन्व्हर्ट करायची सोय आहे, वेगळं काही लागत नाही.

यासाठी बरेच जण येतात, आणि काही जण अशा माणसाची व्हॉइस नोट घेऊन येतात जे आता नाहीत. त्यांना मी एवढंच सांगतो की पहिलं काम फाईल तीन ठिकाणी ठेवा, फोनमध्ये, ड्राइव्हवर आणि भावाबहिणीकडं. चॅट डिलीट झालं किंवा फोन पाण्यात पडला तर परत मिळत नाही. दुसऱ्याला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे मूळ फाईल आहे तशी जाते. रिंगटोन लावायची का नाही ते नंतर शांतपणे ठरवा, काहींना दिवसातून दहा वेळा ऐकून बरं वाटतं, काहींना सहन होत नाही.

कॉम्प्युटरवर जास्त चांगलं होतं का?

होतं. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर आहे, पूर्ण फुकट, २००० सालापासून आहे, जाहिराती नाहीत. फाईल टाका, नको ते सिलेक्ट करून डिलीट करा. मग इफेक्टमध्ये तीन गोष्टी: हाय पास फिल्टर २५० ते ३०० हर्ट्झवर, म्हणजे स्पीकरला न झेपणारा खालचा घुमारा जातो, नॉर्मलाइज उणे १ डीबीवर, म्हणजे आवाज फाटण्याआधी जेवढा मोठा होईल तेवढा होतो, आणि शेवटी फेड आऊट. मोनो करा, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र, आणि एमपी३ म्हणून एक्सपोर्ट करा. क्रम हाच ठेवा, आधी खालचा आवाज काढून मग वाढवायचा, उलटं केलं तर हवा तेवढा वाढत नाही.

घरात जुन्या कॅसेट असतील, लग्नातल्या मंगलाष्टकांच्या किंवा आजोबांच्या भजनाच्या, तर टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात लावली की ऑडॅसिटीत रेकॉर्ड होतं. टेपचा आवाज निम्म्यावर ठेवा.

तयार रिंगटोन फुकट कुठं मिळतात?

झेज हे ॲप सगळ्यांना माहीत आहे, २००३ पासून आहे, जाहिराती बघाव्या लागतात पण टोन भरपूर. वाद्यांचे, पावसाचे, घंटांचे सुटे आवाज पाहिजेत तर फ्रीसाऊंड ही साईट माझी आवडती, बार्सिलोनातल्या एका विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केली, लॉगिन करावं लागतं पण पैसे नाहीत. पिक्साबेवर पण म्युझिक मिळतं. या दोन्ही ठिकाणी इंग्रजीत शोधावं लागतं, टेंपल बेल, तबला, रेन असं.

नावाची रिंगटोन, म्हणजे अमुक राव तुमचा फोन वाजतोय अशी, त्याच्यासाठी वेगळ्या साईट आहेत, पण त्यात मराठी नावं नीट सापडत नाहीत. घरातल्या लहान पोराकडून म्हणून घ्या आणि रेकॉर्ड करा, त्याच्याइतकी गोड कुठल्याच साईटवर मिळणार नाही.

रिंगटोनच्या साईटवरून व्हायरस येतो का?

एमपी३ ऐकून सहसा येत नाही, पण त्या साईटवर डाऊनलोड लिहिलेली चार-पाच मोठी बटणं असतात आणि खरं एकच असतं, बहुतेक वेळा सगळ्यात छोटं. बाकीच्या जाहिराती. नियम सोपा ठेवा. रिंगटोनच्या फाईलच्या नावाशेवटी एमपी३, एम४ए, ओजीजी, वेव्ह असलं काहीतरी असतं. एपीके असेल तर ती रिंगटोन नाही, ते ॲप आहे, हात लावू नका. साईट म्हणाली की नोटिफिकेशन अलाऊ करा तर नाही म्हणा, नाहीतर दिवसभर घाणेरड्या जाहिराती येत राहतात आणि लोक फोन फॉरमॅट मारायला घेऊन येतात.

ॲपला परमिशन देतानाही बघा. रिंगटोन लावायला सिस्टिम सेटिंग बदलायची परवानगी लागते ते बरोबर आहे, एखाद्या नावाला लावायची असेल तर कॉन्टॅक्ट्सची लागते तेही बरोबर. एसएमएस वाचायची परवानगी रिंगटोनच्या ॲपला कशाला पाहिजे? एसएमएसमध्ये बँकेचे ओटीपी येतात. अशी मागणी केली की ॲप काढून टाका.

गाणं कापून रिंगटोन लावली तर कॉपीराइटचा गुन्हा होतो का?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये स्वतःच्या खासगी वापराला सूट दिलेली आहे, त्यामुळं स्वतःकडं असलेल्या गाण्याचा तुकडा स्वतःच्या फोनला लावला तर मी तरी कोणाला अडचण आलेली बघितली नाही. तीच कापून साईटवर टाकणं, विकणं, किंवा दुकानाच्या जाहिरातीत वाजवणं हे वेगळं, त्याला परवानगी लागते. यूट्यूबवरून उतरवून घेणं यूट्यूबच्या अटीत बसत नाही, हेही सांगून ठेवतो.

लोकांचा एक गोंधळ असतो की अभंग तर संतांचा, मग त्याला कसला कॉपीराइट? शब्दांना नाही, बरोबर. पण ते रेकॉर्डिंग ज्या कंपनीने काढलं तिचा त्या रेकॉर्डिंगवर प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क असतो. तोच अभंग तुमच्या गावच्या भजनी मंडळाने म्हटला आणि त्यांना विचारून तुम्ही रेकॉर्ड केला की प्रश्न मिटला, वर सगळ्या मंडळाच्या फोनला तीच रिंगटोन करून देता येते.

रिंगटोन लावली नाही तरी बॅलन्समधून पैसे गेले, का?

ते कॉलर ट्यूनचे असतात किंवा दुसऱ्या कुठल्यातरी सेवेचे. माझ्या वडिलांच्या फोनवर तीन महिने असे पैसे जात होते, त्यांना वाटायचं रिचार्ज महाग झालंय. एकदा फोन लावल्यावर मलाच भलतंच गाणं ऐकू आलं तेव्हा कळलं. कोणाची तरी कॉलर ट्यून ऐकताना स्टारचं बटण दाबलं तर ती आपल्याला कॉपी होते, अशी सोय असते, आणि खिशात, हातात चुकून दाबलं जातं. पैसे लागणारी सेवा चालू करण्याआधी ग्राहकाला दोनदा विचारायचं असा ट्रायचा नियम आहे, पण म्हाताऱ्या माणसाला आलेल्या मेसेजचा अर्थ कळत नाही आणि तो होकार देऊन बसतो.

बंद करायला १५५२२३ हा नंबर आहे, सगळ्या कंपन्यांना एकच, कॉलला पैसे नाहीत. त्यावर फोन करा किंवा इंग्रजीत स्टॉप लिहून मेसेज करा, कुठल्या सेवा चालू आहेत ते सांगतात आणि बंद करता येतात. आईवडिलांच्या फोनवरून वर्षातून दोनदा तरी हे करून बघा.

दोन सिमला दोन वेगळ्या रिंगटोन लावता येतात का?

बऱ्याच अँड्रॉइडमध्ये येतात, रिंगटोनच्या सेटिंगमध्ये सिम १ आणि सिम २ वेगळं दिसतं. धंद्याचा नंबर वेगळा असेल तर जरूर करा, जेवताना टोन ऐकूनच कळतं उठायचं का नाही ते. व्हॉट्सॲप कॉलची रिंगटोन मात्र व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्सच्या आत वेगळी लावावी लागते, फोनची बदलून ती बदलेलच असं नाही.

फोन बदलल्यावर सगळ्या रिंगटोन गेल्या, परत कशा आणायच्या?

नावं आणि नंबर गूगल अकाऊंटवरून येतात, पण कुठल्या नावाला कुठली रिंगटोन लावली होती ते त्याच्याबरोबर येत नाही, ते परत एकेक करून लावावं लागतं. म्हणून जुना फोन देऊन टाकायच्या आधी रिंगटोन्सचं फोल्डर ड्राइव्हवर टाका, आणि फाईलला ज्याची त्याचं नाव द्या, थोरला, धाकटा, ताई असं. मावशींचा फोन गेल्या दिवाळीत पोराने नवा घेऊन दिला, त्या जुना आणि नवा दोन्ही पिशवीत घेऊन दुकानात आल्या आणि आधी एवढंच म्हणाल्या, ह्यात पोरं बोलत न्हाईत. फायली माझ्याकडं ठेवलेल्या होत्या. दहा मिनिटांत लावून दिल्या, लेकीच्या रेकॉर्डिंगात ते बाळ अजून तसंच रडतंय, आता ते बालवाडीत जातं.